‘रुग्ण उशिरा आले’ म्हणजे काय?

२०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अवघ्या ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यांत १६ बालके होती. हिंगोली जिल्ह्यातील अत्यवस्थ रुग्णांचीही अखेरची धाव याच रुग्णालयाकडे असते. औषधांचा तुटवडा नव्हता, रुग्णच लांबून व गंभीर अवस्थेत आले, असा खुलासा तेव्हा करण्यात आला. उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. पुढे गहजब शमला. त्या खुलाशाची चिकित्सा मात्र व्हावी तशी झाली नाही.

वेळेवर योग्य उपचार मिळते तर टळले असते, असे मृत्यू वेगळे काढून मोजण्याची कल्पना १९७६ साली अमेरिकेत डेव्हिड रुटस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. या मापाने एलन नोल्टी व मार्टिन मॅकी यांनी १९ प्रगत देशांची तुलना २००८ साली प्रसिद्ध केली. १९९७-९८ ते २००२-०३ या काळात असे मृत्यू तेथे सरासरी १६ टक्क्यांनी घटले होते. अमेरिकेत घट जेमतेम ४ टक्के. फ्रान्स पहिला, अमेरिका शेवटची. आरोग्यावर सर्वांत अधिक पैसा ओतणारा देश शेवटी का राहावा? तेथे कोट्यवधी लोकांपाशी विमा नव्हता आणि बिलाच्या धास्तीने रुग्ण दुखणे अंगावर काढीत होते. खर्च किती यापेक्षा तो कोणासाठी होतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

आपल्या देशाचा हिशेब २०१८ साली लॅन्सेटच्या आयोगाने दिला. २०१६ या एका वर्षात भारतात असे सुमारे २४ लाख मृत्यू झाले. पैकी सुमारे १६ लाख लोक सेवेपर्यंत पोहोचूनही तिच्या निकृष्टतेमुळे गेले. ८ लाखांहून अधिक तेथवर पोहोचलेच नाहीत.

हा हिशेब समोर ठेवला म्हणजे ‘उशिरा आले’ या शब्दांचा खरा अर्थ उलगडतो. सेनगाव तालुक्यातील शेतमजुराचे नवजात मूल आजारी पडते. आधी मजुरी बुडण्याची व खर्चाची चिंता, मग वाहनाचा शोध. तालुक्याला बालरोगतज्ज्ञ नसेल तर हिंगोली, आणि तेथून नांदेड. प्रत्येक टप्प्यावर तास जातात. हा उशीर त्या मातापित्यांचा नव्हे. रिक्त पदे आणि तोकडी तरतूद यांतून तो निर्माण होतो. तेव्हा ‘उशिरा आले’ हा व्यवस्थेचा बचाव होऊ शकत नाही. तो तिच्याविरुद्धचा पुरावा आहे.

२०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, त्याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत येथे भूलतज्ज्ञ, रक्त व नवजातांची काळजी घेणाऱ्या परिचारिका अहोरात्र उपलब्ध नसतील, तर रुग्ण तेथेही उशिराच पोहोचतील.

कार्यकर्त्यांनी याबाबत नेमकी मागणी करावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने किती पदे भरलेली आहेत, किती रुग्ण पुढे पाठविले आणि का, हे दरमहा फलकावर लिहावे. माता व बालमृत्यूंच्या शासकीय परीक्षणाचे निष्कर्ष, कुटुंबाचे नाव न घेता, ग्रामसभेत वाचले जावेत. मोर्चे आपण पुष्कळ काढले. आता प्रत्येक मोर्चाबरोबर हा हिशेबही मागितला पाहिजे.