मैदानालगतचे मनोरे आणि जनतेची हरकत

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आणली, त्यायोगे नाशिकसारख्या शहरांत पूर्वीपेक्षा कितीतरी उंच इमारतींना वाव मिळाला, आणि तेव्हापासून द्वारका, काठे गल्ली, कन्नमवार पुलापलीकडील मीनाताई ठाकरे स्टेडियमचा परिसर किंवा हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा आसमंत अशा मध्यवर्ती जागी टोलेजंग निवासी संकुले असावीत की नसावीत, याविषयी ज्याला काहीच मत नाही असा नाशिककर विरळा झाला आहे. माझा पक्ष आरंभीच सांगतो: अशी घरे मध्यवस्तीत आणि मैदानांच्या शेजारीसुद्धा अवश्य व्हावीत, मात्र ती उघड जनसुनावणीवाचून होऊ नयेत.

विरोधकांचा सर्वांत प्रबळ आक्षेप वाहतुकीच्या कोंडीचा आहे. द्वारकेवर आजच पाऊल टाकायला जागा नाही, तेथे आणखी हजार बिऱ्हाडे आली तर काय गत होईल, असे ते विचारतात. त्यांचे दुःख खरे आहे, निदान मात्र चुकले आहे. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन हमरस्ते येथे मिळतात. शहराचे रेल्वेस्थानक आठ-नऊ किलोमीटरवर नाशिकरोडला, बाजारपेठ आणि मध्यवर्ती बसस्थानक चौकाच्या दुसऱ्या अंगाला. त्यामुळे आगगाडीतून उतरलेल्या बहुतेक प्रवाशांना शहरात शिरताना हाच चौक ओलांडावा लागतो. २०१३ साली उड्डाणपूल खुला झाला तेव्हा धुळ्याकडची सरळ वाहतूक वर गेली, पण पुण्याकडे वळणारी खालीच राहिली. सायंकाळी पुणे रस्त्याच्या तोंडाशी घटकाभर उभे राहावे: ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ असा पुकारा करणारे रिक्षावाले, वळताना निम्मा चौक अडवणारी एसटी, मालमोटारीच्या चाकाला खेटून निघणारे दुचाकीस्वार, आणि पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधलेला असतानाही त्यात उतरायला न धजता एका हाताने गाड्यांना थोपवीत, दुसऱ्या हाताने मुलाचे मनगट धरून पलीकडे धावणारी बाई. यांतील बहुतेक माणसे द्वारकेत राहत नाहीत, द्वारकेतून जातात. मध्यवस्तीत ज्या कुटुंबाला आपण घर नाकारतो ते काही शहर सोडून जात नाही. ते जेलरोडला वा आडगावला बिऱ्हाड थाटते, आणखी एक दुचाकी घेते आणि शालिमारच्या नोकरीसाठी बहुधा याच चौकात रोज दोनदा अडकते. पायी कामावर जाता येईल अशा अंतरावर घर देणे हा कोंडी सैल करण्याचाच एक उपाय आहे.

दुसरा आक्षेप मैदानाच्या बाजूने घेतला जातो, आणि त्याविषयी मला विशेष आस्था आहे. उंच भिंतींनी वेढल्यावर मैदानाचा मोकळेपणा नष्ट होईल, असे म्हणतात. परंतु १९३७ चे ब्रेबर्न आणि त्यानंतरचे वानखेडे ही दोन्ही क्रीडांगणे चर्चगेटच्या भरवस्तीत बहुमजली इमारतींच्या शेजारी उभी आहेत, आणि त्यामुळे तेथील क्रिकेट काही उणावले नाही. खरा धोका निराळा आहे. सदनिका घेणारा घेताना मैदानाच्या दर्शनाचे मोल मोजतो आणि राहायला आल्यावर सामन्याचा गलबला, प्रकाशझोत व गाड्यांची गर्दी यांविरुद्ध अर्ज करू लागतो. मग मैदानालाच आपल्या अस्तित्वाची कैफियत द्यावी लागते. म्हणून अशा प्रत्येक संकुलाच्या नोंदणीकृत करारनाम्यात स्पष्ट कलम असावे की क्रीडांगण आधीचे आहे, कायद्याच्या मर्यादेत तेथे सामने व समारंभ होतील, आणि हे जाणूनच खरेदीदार मिळकत घेत आहे.

आता बांधकाम व्यावसायिकांचा पक्ष. नियमांप्रमाणे नकाशा मंजूर झाला, अग्निशमनाचा दाखला मिळाला, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारण्याचे प्रयोजन काय, असे ते म्हणतात, आणि कायद्याचे अक्षर आज त्यांच्या बाजूने आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, परंतु त्याच अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून मुक्त केले आहे. विकास आराखड्यावर हरकती मागवितात त्या दोन-दोन दशकांतून एकदा. याउलट शहरातील झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्यान्वये जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावर नोटीस डकवावी लागते. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे १,८०० झाडांवर गंडांतर आले तेव्हा नाशिककरांनी हरकतींचा पाऊस पाडला, तो याच तरतुदीच्या बळावर. झाडाला मिळालेले हे संरक्षण योग्यच आहे. तेवढेच शेकडो कुटुंबांच्या शेजाराला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही आढळलेले नाही.

सामान्य जनतेला यातले काय कळते, हा प्रश्न तर या शहरात कोणी विचारूच नये. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागला, कमरेला लागला की गळ्याशी आला, यावरून काठावरची दुकाने केव्हा रिकामी करायची हे ठरवणारी ही माणसे आहेत. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर सरकारी पूररेषा आखल्या गेल्या. पण कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते आणि नासर्डीला फुगवटा आला की कोणता नाला उलटा वाहतो, याची माहिती तेथील रहिवाशांपाशी त्याच्या पुष्कळ आधीपासून होती. तळघरात वाहनतळ खोदणाऱ्याने ही माहिती घेतली तर नुकसान कोणाचे होणार आहे?

सुनावणी टाळून काम लवकर होते, हाही समज तपासून पाहावा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये क्रीडागृह आणि त्याभोवती निवासी मनोरे अशी योजना २००३ साली जाहीर झाली, ती शहराची नेहमीची भूवापर-छाननी बाजूस सारून राज्याच्या एका संस्थेमार्फत पुढे नेण्यात आली. क्रीडागृह २०१२ मध्ये थाटात उघडले. परवडणाऱ्या दरातील २,२५० घरांचे जे अभिवचन दिले होते त्यांतील शेकडो घरे मात्र मे २०२५ ची मुदत उलटून गेली तरी बांधलेली नव्हती.

तेव्हा नाशिकपुरती माझी मागणी अशी: वीस हजार चौरस मीटरच्या वरील प्रत्येक संकुलाचा नकाशा, पाण्याची व सांडपाण्याची तजवीज आणि वाहनांचा हिशेब मराठीत लिहून जागेवर आणि विभागीय कार्यालयात लावावा, हरकतींना महिन्याची मुदत असावी, प्रत्येक हरकतीस लेखी उत्तर मिळावे आणि मान्य झालेली अट परवानगीच्या आदेशात नोंदली जावी. यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेत दुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. महापालिकेने स्वतः होऊन हरकती मागवायच्या ठरविल्या तर तिला कोणी अडविलेले नाही. सुनावणी मात्र कचेरीच्या वेळात ठेवू नये. काठे गल्लीतला दुकानदार आणि द्वारकेचा रिक्षावाला धंदा सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून ती रविवारी घ्यावी, आणि संकुल मैदानालगत असेल तर शक्यतो त्या मैदानाच्याच सभागृहात घ्यावी.