तहात हरलेली माणसे

लढाईत जिंकून तहात हरण्याचे दुर्दैव आपण राजे-सेनापतींच्या नावे मांडतो. ते भोगले मात्र निर्वासितांनी. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर परागंदा झालेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी १६९७ च्या रिसविकच्या तहाकडे डोळे लावले होते. त्या तहाने त्यांना परतीची वाट दिली नाही. १९२३ मध्ये लोझान येथे ठरलेल्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारात तर हलवलेल्यांना सरकारी परवानगीशिवाय परतीला स्पष्ट मनाईच होती.

तह निर्वासितांची परती विसरतात, हा धडा कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात लिहिलेला आहे. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधील घराघरांतून माणसे उठवली आणि मालगाड्यांत कोंबून सैबेरियाच्या लाकूडतोडीवर, कझाकस्तानच्या सामूहिक शेतांवर धाडली. भूक आणि टायफस यांतून वाचलेल्यांपैकी काहींना, हिटलरने रशियावर चाल केल्यानंतर सुटका लाभून, १९४२ मध्ये कास्पियन ओलांडून इराण गाठता आला. १९४३ पासून त्यांतली सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः स्त्रिया आणि मुले, वळिवड्याच्या छावणीत राहिली. तिथे शाळा भरल्या, प्रार्थनामंदिर उभे राहिले, नाटके झाली. पण हा मुक्काम तात्पुरता, युद्ध संपताच परत जायचे, हे सर्वांनी गृहीत धरले होते. मे १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी इटलीत मोंते कासिनो जिंकले आणि अवघ्या नऊ महिन्यांत, याल्टाच्या बैठकीत, मित्रराष्ट्रांनीच पूर्व पोलंड स्टालिनला देऊन टाकला. ज्या गावांसाठी माणसे लढली, ती गावेच परक्या देशात गेली. मग छावणी पांगली: कोणी साम्यवादी पोलंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी इंग्लंडला, जिथे १९४७ च्या पुनर्वसन कायद्याखाली सैनिकी बराकींतून नवा संसार मांडावा लागला. वळिवड्याच्या त्या रिकाम्या जागेत फाळणीमुळे सिंधहून उखडलेली कुटुंबे आली. त्यांच्यामागेही सीमा आखली गेली होती. आजचे गांधीनगर ते हेच.

रशियाच्या आक्रमणानंतर युरोपने मार्च २०२२ मध्ये युक्रेनियनांना दिलेल्या संरक्षणालाही ‘तात्पुरते’ हेच विशेषण आहे आणि त्याची मुदत वारंवार वाढवावी लागते. पोलंडने त्यांना दारे उघडली, हे त्या देशाला शोभणारेच. पण युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटींत चर्चा चालते ती कोणती रेषा कोणाकडे राहील याची. रशियाने व्यापलेले मारियुपोल सोडून आलेल्याला परत जाता येईल का, त्याच्या घराची मालकी कोण मानणार आणि परतणे अशक्य झाले तर नागरिकत्व कोण देणार, याची उत्तरे कराराच्या मसुद्यातच, सह्या होण्यापूर्वी, लिहिली गेली पाहिजेत.