ज्योतीमागचा टेम्पो

फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रातील गावोगावच्या मंडळांत एका प्रवासाची तयारी सुरू होते. शिवनेरी, रायगड, प्रतापगड, पन्हाळा यांपैकी एका गडावर जायचे, तेथे ज्योत पेटवायची आणि ती हातोहाती धावत गावापर्यंत आणायची, हा तो प्रवास. १९ फेब्रुवारीच्या शासकीय जयंतीला ही दौड असते, तशीच तिथीने जयंती साजरी करणाऱ्या गावांत फाल्गुन वद्य तृतीयेसही असते. वर्गातील बाके दोन दिवस रिकामी राहतात आणि तिसऱ्या दिवशी पायांना फोड आलेले, आवाज बसलेले विद्यार्थी मोठ्या अभिमानाने परत येतात. हा अभिमान खोटा नाही. थोर पुरुषाचे स्मरण भाषणे ऐकून करण्यापेक्षा स्वतःच्या घामाने करावे, असे तरुणांस वाटणे हे समाजाच्या निरोगीपणाचेच लक्षण होय.

या स्मरणाची परंपराही लहान नाही. महात्मा फुले यांनी शिवरायांवरील पोवाडा १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. योगायोग असा की, एका धावपटूच्या आख्यायिकेची स्मृती म्हणून मॅरेथॉन शर्यत अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये प्रथम धावली गेली, तीही १८९६ मध्येच. तेव्हा धावण्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो धावणाऱ्यांच्या मागून चालणाऱ्या टेम्पोचा.

अडीचशे किलोमीटरचा हिशेब

मंडळाच्या बैठकीत वर्गणी, फेटे, झेंडे, सदरे, ध्वनिवर्धक, मिरवणूक व महाप्रसाद यांचा तपशीलवार हिशेब होतो. प्रवासाच्या नावे मात्र बहुधा एकच ओळ असते: टेम्पो व डिझेल. ही ओळ जरा उलगडून पाहू.

गड गावापासून अडीचशे किलोमीटरवर आहे असे धरा. ज्योत ताशी दहा किलोमीटर वेगाने आणली, तर न थांबता पंचवीस तास लागतात. फेब्रुवारीत त्यांपैकी निम्मे तास अंधाराचे असतात. पथकात पंचवीस मुले असली तर प्रत्येकाच्या वाट्यास दहा किलोमीटर येतात. यात अशक्य असे काही नाही. परंतु एक मुलगा एका दमात अर्धा किलोमीटर धावतो असे मानल्यास ज्योत पाचशे वेळा हात बदलते. म्हणजे चालत्या वा क्षणभर थबकलेल्या वाहनातून पाचशे वेळा कोणीतरी उतरतो आणि पाचशे वेळा कोणीतरी दमून वर चढतो, आणि तेही हमरस्त्यावर, निम्मा वेळ काळोखात.

आता मागून येणाऱ्या वाहनाचा विचार करा. ताशी ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकचालकास ताशी दहाच्या वेगाने सरकणारा, मागचा दिवा नसलेला टेम्पो शंभर मीटरवरून दिसला, तर त्याच्या हाती जेमतेम पाच सेकंद उरतात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्या रस्त्यांवर आपण आपली मुले रात्री धावावयास पाठवीत आहोत.

टेम्पोच्या चालकाचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. जाताना सात तास आणि येताना पंचवीस, असे बत्तीस तास बहुधा एकच माणूस सुकाणू धरून असतो. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ तास घातली आहे. हा चालक त्या कायद्याच्या कक्षेत येतो की नाही, हा वाद वकिलांनी घालावा. त्याची झोप मात्र कोणत्याही कक्षेबाहेर नाही.

भरपाई कोण देणार?

याहून गंभीर बाब विम्याची आहे. टेम्पो हे मालवाहू वाहन. त्याचा विमा उतरविलेला असतो, म्हणून अपघात झालाच तर कंपनी पाहून घेईल, अशी एक भाबडी समजूत खेड्यापाड्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ साली निर्णय दिला की, मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने आवश्यक केलेल्या विम्यात येत नाही. पुढे काही प्रकरणांत कंपनीने आधी रक्कम द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश झाले. परंतु त्यामुळे अंतिम भार मालकावरचा हलला नाही. हा मालक बहुधा गावातीलच, कर्जाने टेम्पो घेतलेला आणि महाराजांच्या नावाने डिझेलपुरत्या पैशांत गाडी देणारा भला माणूस असतो. म्हणजे अपघातात एका घरचा मुलगा जातो आणि दुसऱ्या घरची जमीन विकावयास निघते. टेम्पो स्वस्त पडतो याचा खरा अर्थ एवढाच की, त्याच्या किमतीचा मोठा भाग मंडळाच्या वहीत न येता धावणाऱ्या मुलांच्या आईबापांच्या आणि त्या मालकाच्या नावावर परस्पर मांडला जातो.

भक्ती आणि शिस्त

यावर एक उत्तर ठरलेले आहे. महाराजांचे मावळे जिवाची पर्वा करीत नसत, मग आम्ही का करावी? १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्यांनी मृत्यू पत्करला, कारण मागे शत्रू होता व दुसरा मार्ग नव्हता. जेथे दुसरा मार्ग आहे तेथे जीव धोक्यात घालणे यास शौर्य म्हणत नाहीत.

महाराजांचा स्वभाव पाहावयाचा असेल, तर राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस धाडलेले त्यांचे पत्र वाचावे. पावसाळाभर पुरावयाचा दाणागोटा आताच उधळू नका, रयतेस त्रास देऊ नका, असे ते बजावतात. रात्री जळता ठेवलेला दिवा, त्याची वात उंदराने ओढून नेणे आणि त्यातून गवताच्या गंजीस लागणारी आग, इतक्या बारीक गोष्टीची चिंता त्या पत्रात आहे. एका वातीपासून छावणी जळेल आणि घोडी मरतील, हे ज्यांनी आधी ओळखले, त्यांच्या नावाची ज्योत आपण नेतो आणि मशालीच्या तेलाचा डबा अनेकदा त्याच हौद्यात, झोपलेल्या मुलांच्या उशाशी ठेवतो!

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. पहिला म्हणजे माणसांसाठी माणसांचेच वाहन वापरणे. एस. टी. महामंडळाची बस प्रासंगिक करारावर मिळते. ती टेम्पोपेक्षा महाग पडेल, पण हा फरक मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून सहज भरून निघू शकेल. दुसरा म्हणजे रात्री न धावणे. ज्योत कंदिलात सुरक्षित ठेवून बसने आणावी आणि अखेरचे चाळीस-पन्नास किलोमीटर दिवसाउजेडी, हमरस्ता टाळून धावावे. एवढ्या अंतरात गावातील मुलींना व शाळकरी मुलांनाही थोडे थोडे धावता येईल. रात्रभर टेम्पोमागे धावण्याच्या प्रथेत मुलींना आज जवळजवळ स्थानच नाही. तिसरा म्हणजे दोन चालक, धावणाऱ्यांच्या अंगावर चमकणारे पट्टे, वाटेतील पोलीस ठाण्यांस पूर्वसूचना आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाचा वैयक्तिक अपघात विमा. ज्या मंडळाच्या अंदाजपत्रकात या बाबी नसतील त्यास वर्गणी न देण्याचा अधिकार शिक्षक, नोकरदार व व्यापारी यांनी बजावावा. उपदेशाने जे घडत नाही ते पुष्कळदा पावतीपुस्तकाने घडते.

ज्योत बसमधून आली तर तिचे पावित्र्य उणे होते काय, असा प्रश्न काही जण करतील. ज्योतीचे पावित्र्य ती किती किलोमीटर धावत आली यावरून मोजावयाचे, की तिच्यासाठी निघालेली पंचविसांतील पंचवीस मुले घरी परतली यावरून, याचा निर्णय मंडळाच्या पुढच्या बैठकीत, वर्गणी ठरविण्यापूर्वी व्हावयास हवा.