ताश्कंदहून वुहानपर्यंत

ऑगस्ट २०२२ मध्ये केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई महिला क्लब अजिंक्यपद स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या आणि फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप, हे कारण. त्यात या खेळाडूंचा काडीचाही दोष नव्हता. तरी एकही सामना न खेळता त्यांना परतावे लागले. बंदी उठली २६ ऑगस्टला, तोवर संधी हातची गेली होती. प्रशासकांच्या भांडणाची एवढी मोठी किंमत खेळाडूंनी मोजावी, याची चीड आजही येते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्याच ईस्ट बंगालच्या महिला संघाने अशाच आशियाई क्लब स्पर्धेत वुहानमध्ये इराणच्या बाम खातूनला ३-१ असे हरवले. २०२२ मध्ये गोकुलमच्या गटात होता तो हाच इराणी संघ. हे यश लखलखीत आहे, पण त्यामागची पायाभरणी तोकडी. २०२४-२५ च्या भारतीय महिला लीगमध्ये संघ आठच, प्रत्येकाच्या वाट्याला सामने चौदा. महाराष्ट्र-गोव्याचा त्यात एकही संघ नव्हता. फुटबॉलवेड्या कोल्हापूरच्या आणि मडगावच्या मुलींनी खेळायचे कुठे? महासंघाने लीगचे संघ आणि सामने वाढवावेत, वेळापत्रक आधी जाहीर करावे. दोन्ही राज्यांच्या संघटनांनी पुढच्या हंगामासाठी निदान एकेक संघ उभा करावा.