पाकिटातला कोबाल्ट

एप्रिल 2010. दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात अणुऊर्जा खात्याची माणसं किरणोत्सार मोजण्याची यंत्रं घेऊन दुकानामागून दुकान पालथं घालत होती. कोबाल्ट-60चा एक तुकडा त्यांना सापडला तो कुणाच्या तरी पाकिटात. माणूस तो खिशात घालून हिंडत होता.

हा कोबाल्ट दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातला. कॅनडाहून आणलेलं गॅमा किरणांचं यंत्र 1985पासून बंद पडून होतं. फेब्रुवारी 2010मध्ये इतर मोडक्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. शिशाचं जाड आवरण पाहून भंगारवाल्यांनी ते खोललं, यात नवल नाही. शिशाला भाव असतो. कोबाल्ट-60ची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे पंचवीस वर्षांत ती पावपटीच्याही कितीतरी खाली गेलेली. तरीही सातजण आजारी पडले आणि एक कामगार दगावला.

असा भंगारवाला नियम लिहिणाऱ्यांच्या मनात सुरुवातीला नव्हता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अणुसामग्रीच्या राखणीबद्दलच्या शिफारशी पहिल्यांदा तयार केल्या त्या 1972मध्ये. 1975मध्ये त्या सुधारून निघाल्या आणि पुढे पाच वेळा बदलल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर असलेला चोर हुशार होता. त्याला प्लुटोनियम हवं होतं, समृद्ध युरेनियम हवं होतं, आणि आतला एखादा फितूर हाताशी असेल हेही गृहीत होतं. म्हणून कुंपणं, पहारे, दोन माणसांशिवाय न उघडणारी दारं. अणुसामग्रीच्या राखणीबद्दलच्या 1980च्या आंतरराष्ट्रीय करारानेही मुख्य भर दिला तो देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या अणुसामग्रीच्या वाहतुकीवर. ती भीती खोटी नव्हती. फक्त अर्धी होती.

उरलेली अर्धी 1987मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात दिसली. स्थलांतर झालेल्या एका कर्करोग उपचार केंद्राच्या ओसाड इमारतीत यंत्र तसंच राहिलं होतं. दोघांनी ते भंगारात विकण्यासाठी उचललं. आत सीझियम-137ची पूड होती आणि अंधारात ती निळी चमकत होती. इतकी सुंदर वस्तू आप्तेष्टांना दाखवावीशी वाटणारच! चौघांचा जीव गेला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. 1 लाख 12 हजार लोकांची तपासणी झाली, 249 जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सारी द्रव्य आढळलं. या चोरांना बॉम्ब ठाऊक नव्हता आणि सीझियमही.

तरी नियमांचं लक्ष दवाखान्यांकडे आणि प्रयोगशाळांकडे वळायला बराच काळ गेला. अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर गती आली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 2003च्या आचारसंहितेने किरणोत्सारी स्रोत राखण्याची जबाबदारी तयार होण्यापासून विल्हेवाटीपर्यंत सगळ्या टप्प्यांवर टाकली. मात्र ती कायद्याने बंधनकारक नाही. 1980च्या करारातली दुरुस्ती 2005मध्ये मंजूर झाली आणि अमलात आली 2016मध्ये. अकरा वर्षं! भंगाराचा बाजार इतका थांबत नाही.

या साऱ्या कागदांपेक्षा मला 2007चं एक चित्र जास्त शहाणं वाटतं. 1946मध्ये बर्कलीत जन्मलेली किरणोत्साराची तीन पात्यांची खूण अजाण माणसाला पंख्यासारखी वाटावी अशी आहे. नव्या खुणेत लाल त्रिकोण, कवटी आणि पळणारा माणूस आहे. ती यंत्राच्या बाहेर नाही, आत स्रोताजवळ लावायची. यंत्र चालवणाऱ्याला ती दिसत नाही. दिसते ती झाकण फोडणाऱ्याला. नियम लिहिणाऱ्यांना छिन्नी-हातोडा घेतलेला माणूस एकदाचा आठवला.

आपल्याकडे नियम नव्हता असं नाही. 2004च्या नियमांनुसार असे स्रोत परस्पर निकाली काढताच येत नाहीत, आणि हे पाहणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. दिल्लीत नियम हरला तो जडसंग्रह नोंदवहीपुढे. यंत्र बसवणारे निवृत्त होतात, नोंद उरते ती ‘जुने यंत्र, एक नग’ एवढीच, आणि निर्लेखन समिती वजनावर भाव ठरवते.

मार्चअखेर आली की आपल्याही कॉलेजांत, रुग्णालयांत आणि कारखान्यांत अशा याद्या निघतात. यादीवर सही करणाऱ्यांना एवढीच विनंती: ज्या जड वस्तूचा उपयोग विभागात कुणालाच सांगता येत नाही, ती तेवढी बाजूला काढा आणि लिलावाआधी अणुशक्तीनगरला विचारा.