पहिल्या नियमाच्या आड लपू नका

२०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. तेव्हापासून आपल्या विज्ञानवार्तांत एकच आकडा मिरवतो आहे : किती टक्के वजन उतरले. अशा प्रत्येक बातमीखाली हटकून कोणीतरी लिहितो, ‘खर्चापेक्षा कमी खा. उष्मागतिकीचा पहिला नियम आहे, त्यात वाद कसला?’ माझी पीएच.डी. भौतिकशास्त्रातली असल्यामुळे त्या बिचाऱ्या नियमाची बाजू मांडणे मला भाग आहे.

नियम खराच आहे. पण जमाखर्च जुळतो, एवढेच तो सांगतो. तूट पडल्यावर कात्री कोणत्या खर्चावर चालेल, हे शरीर ठरवते. आणि स्त्रीच्या शरीरात ती प्रजननावर लवकर चालते. मेदपेशींतून येणारे लेप्टिन घटते, हायपोथॅलॅमसमधून तास-दीड तासाने सुटणारे संप्रेरकाचे स्पंद विरळ होतात, पियूषिका मंदावते, बीजांड परिपक्व होत नाही. पाळी लांबते, किंवा थांबते.

हे केवळ धावपटूंचे किंवा हाडे दिसणाऱ्या मुलींचे दुखणे, हा समज जुना आहे. २००३ साली लाउक्स आणि थुमा यांनी व्यायामाची सवय नसलेल्या, नियमित पाळीच्या तरुणींवर प्रयोग केला. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा उरली, तेव्हा अवघ्या पाच दिवसांत ते स्पंद विस्कळीत झाले. (३० ही काही लक्ष्मणरेषा नव्हे, प्रत्यक्षात तो उतार आहे, पायरी नाही.) आता हिशेब करू. साठ किलोची मुलगी, चरबी वगळता ४२ किलो. ती १४०० किलोकॅलरी खाते, जिममध्ये ४०० घालवते. उरल्या १०००, म्हणजे किलोमागे २४. काट्यावर ती अगदी ‘नॉर्मल’ आहे, आणि तिचे ॲप तिला शाबासकी देते आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. वजन जास्त असलेल्या, पीसीओएस असलेल्या अनेकींची पाळी पाच ते दहा टक्के वजन घटल्यावर सुधारते. म्हणूनच ‘वजन कमी केले की पाळी सुधारते’ हे वाक्य धोक्याचे ठरते : ते अर्ध्याच स्त्रियांविषयी असते आणि सर्वांना ऐकवले जाते. ऊर्जेच्या तुटीमुळे पाळी थांबलेल्या काहींच्या सोनोग्राफीतही अंडाशय पीसीओएससारखे दिसू शकते. माझ्या बाबतीत तेच झाले. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी सात किलो उतरवले आणि पाळी पाच महिने आली नाही. वसतिगृहात मैत्रिणींना हेवा वाटला. खरे सांगायचे तर मलाही ते बक्षीसच वाटले. एका दवाखान्यात अहवालावर नजर टाकून सांगण्यात आले, ‘पीसीओएस आहे, वजन आणखी कमी करा.’ मी काय खाते, हे कोणी विचारले नाही.

पाळी नसणे ही सुटका नसते. इस्ट्रोजेन घटले की हाडे किंमत मोजतात. १९८४ मध्ये ड्रिंकवॉटर यांच्या गटाने पाळी थांबलेल्या, सरासरी पंचविशीतल्या खेळाडू मोजल्या. त्यांच्या मणक्यांची घनता एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीइतकी निघाली. विशीत हाडांची जी पुंजी जमते, तीच पुढे आयुष्यभर पुरवायची असते.

आता लग्नाआधी ‘पाच किलो’ उतरवण्यासाठी हीच इंजेक्शने मागणाऱ्या सडपातळ मुलींचा विचार करा. भूक ही तुटीची घंटा आहे, आणि ही औषधे तीच घंटा मुकी करतात. अशा वेळी उरलेली सूचना म्हणजे पाळी. मग वजनाच्या आकड्याशेजारी तिचा रकाना का नसावा? वार्ताहरांनी चाचणीचा निकाल छापताना ‘पाळीची नोंद घेतली होती का?’ हा एक प्रश्न विचारावा. घेतली नसेल, तर तेही छापावे.

विद्यार्थिनींसाठी : पाळीतले अंतर सतत ४५ दिवसांहून अधिक राहिले, किंवा सलग तीन महिने पाळी आली नाही, तर तपासणी हवी, असे एंडोक्राइन सोसायटीची २०१७ची मार्गदर्शिका सांगते. आधी गरोदरपणाची चाचणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे. आणि त्या फाइलमध्ये गेल्या सहा महिन्यांत किती खाल्ले, किती धावलात, किती वजन उतरले याचा कागद स्वतःहून ठेवा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी.