सहा महिन्यांचा कायदा, पाच वर्षांचा खटला

तापीकाठचे बुऱ्हाणपूर आपल्या वाचकांना ठाऊक आहे ते मुमताजमहलच्या अखेरच्या दिवसांमुळे. त्याच जिल्ह्यातील मोहद गावाच्या खटल्याची मात्र इकडे फारशी वाच्यता झाली नाही. जून 2017 मध्ये चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरविले, तेव्हा जल्लोष केल्याच्या आरोपावरून तेथील मुसलमान ग्रामस्थांची धरपकड झाली. प्रथम राजद्रोहाचे कलम लावले गेले. ते थोड्याच दिवसांत मागे घेऊन समाजात तेढ माजविल्याचे 153अ हे कलम आले. ज्याच्या नावे फिर्याद नोंदली गेली, त्यानेच आपण तशी तक्रार केली नसल्याचे सांगितले. आरोपींत दोन अल्पवयीन मुले होती. ती 2022 मध्ये निर्दोष ठरली, प्रौढ आरोपी 2023 मध्ये.

अखेर सुटका झाली ना, असे म्हणून हा विषय मिटविता येणार नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार मंडळाने चौकशी 4 महिन्यांत पुरी करावयाची असते. फार तर 2 महिन्यांची वाढ मिळते. ज्या अपराधाची कमाल शिक्षा 3 वर्षांपर्यंत आहे तो क्षुल्लक वर्गात मोडतो, आणि त्याची चौकशी या मुदतीत संपली नाही तर प्रकरणच संपुष्टात येते. 153अ ची शिक्षा सामान्यतः एवढीच होती. मग या मुलांच्या मानेवरचे जोखड पाच वर्षे कशाच्या आधारे राहिले?

बालगुन्हेगारांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती केवळ शिक्षेच्या कठोरपणाची. दिल्लीच्या 2012 मधील अत्याचारानंतर 16 ते 18 वयोगटातील मुलांवर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी झाली. पुण्यात 2024 मध्ये दोन जीव घेणाऱ्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला निबंध लिहावयास सांगून जामीन मिळाला, तेव्हा लोक खवळले. तो संताप आम्हाला अनाठायी वाटला नाही. परंतु ज्याच्या घरी नामांकित वकिलाची फी देण्याची ऐपत नाही, त्या मुलाची शिक्षा निकालाआधीच तारखांच्या रूपाने सुरू होते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मंडळांपुढील प्रलंबित प्रकरणांचा दर 3 महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी आढावा घ्यावा, असे हाच कायदा सांगतो. पाच वर्षांत असे वीस आढावे होतात. ते प्रत्येक जिल्ह्याने मुलांची नावे वगळून प्रसिद्ध करावेत, आपल्या राज्यानेही.